बावीस टक्के

दाजी,

तुमच्या तेराव्याला तुमची गाडी आली होती. टेंभुर्णीच्या शहाजीरावांनी स्वतः चालवत आणली. सांगोल्याला सिमेंट उतरवून रिकामे परत सोलापूरला चालले होते, म्हणाले, मंगळवेढ्यावरूनच जायचंय तर मालकांच्या घरी टेकून जावं. गाडी त्यांच्या नावावर होऊन पावणेचार वर्षं झाली, तरी ते अजून तुम्हालाच मालक म्हणतात. गल्लीच्या तोंडाशी ती सहाचाकी उभी राहिली तेव्हा अक्का आतून उठून बाहेर आली. गाडीच्या पुढच्या जाळीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली आणि परत आत जाऊन बसली.

मांडवात पंगत चालू होती. माणसं तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होती, म्हणजे तेराव्याला बोलतात तसं. तुमचे जुने जोडीदार, सव्वीस वर्षं तुमच्या मागेपुढे गाड्या हाकलेले, एकमेकांना सांगत होते, "शाना माणूस. पाय जड झाला म्हणून कळलं तसं गाडी सोडली. न्हायतर आमी बगा, अजून मरतोय." दुसरा म्हणाला, "व्हय की. त्यांच्या मेव्हण्यानंच मशीनवर बगून सांगितलं हुतं." मी भाताचं पातेलं घेऊन तिथंच उभा होतो. पाय जड झाला हे वाक्य माझं होतं, दाजी. चार वर्षं गावभर फिरून ते तुमच्या तेराव्याला जेवायला बसलं होतं.

हात धुताना शहाजीरावांनी मला पाण्याच्या टाकीपाशी बाजूला घेतलं आणि एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून मला तुमचा राग येतोय. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण तुम्ही होतात तोवर रागवायला कधी जागाच दिली नाहीत, तर आता कधी रागवू?

नीट पहिल्यापासूनच बोलतो.

मी सोलापुरात हैदराबाद रोडला गाड्यांची ताकद मोजायचे रोलर टाकले तेव्हा ते पुण्याहून तुमच्याच गाडीतून आले. जाड लोखंडी रूळ, त्यांच्या खाली लाकडाचे ओंडके, वर तुमची ताडपत्री. तुम्ही एरवी पाच तासांत आला असतात, पण त्या दिवशी आठ तास लावलेत. उतरल्यावर म्हणालात, "पोरगी सासरी आणावी तसं आणलंय. बग काय मोडलंय का." काही मोडलं नव्हतं. भाड्याचा विषय काढला तर तुम्ही अक्काला फोन लावून माझ्या हातात दिलात आणि तिच्या शिव्या मला ऐकवल्यात.

पूजेच्या दिवशी पहिली गाडी तुमचीच चढवली. ट्रकची मागची चाकं रुळांवर, गाडी साखळ्यांनी जखडलेली, आणि ती जागच्या जागी पळतेय. चाकं रूळ फिरवतात, आणि चाकांपर्यंत किती ताकद पोचली ते समोर पडद्यावर आकड्यात येतं. मी सगळ्यांना समजावून सांगत होतो. शर्ट नवा होता. तुम्ही हातात नारळ घेऊन उभे होतात. विचारलंत, "इंजनेर, ही कुटवर जाती?"

"जात नाही दाजी. जागेवरच पळते."

"मग नारळ कुटं फोडू?"

सगळे हसले. तुम्हीही हसलात. मला ते लागलं. मी डिप्लोमा झाल्यापासून तुम्ही मला महेश म्हणायचं सोडून इंजनेर म्हणायला लागलात, त्यातला मान आणि चेष्टा मला कधी वेगळी करता आली नाही. त्या दिवशी फक्त चेष्टा ऐकू आली.

नारळाचं तुमचं काय ते बाहेरच्या कुणाला कळलं नसतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सगळे गाडीची पूजा दारात करतात आणि नारळ चाकापुढं फोडतात. तुम्ही कुंकू, हार दारात लावायचात पण नारळ राखून ठेवायचात. मग गाडी घेऊन मंगळवेढ्याच्या अलीकडं, चौपदरी झाल्यावर बाजूला पडलेल्या त्या जुन्या रस्त्याला जायचं. तिथं चिंचेपासून उतार लागतो आणि पुढं लांबलचक सपाट. चिंचेपाशी काटा चाळीसवर आणायचा, गिअर काढायचा, आणि पाय मांडीखाली घेऊन बसायचं. ब्रेकला पाय नाही, रेसला पाय नाही. गाडी उतरणार, सपाटीला लागणार, मंदावत मंदावत आपण होऊन थांबणार. जिथं थांबेल तिथं नारळ. आणि कडेच्या दगडावर लाल ऑइलपेंटची एक रेघ. मी विचारलं होतं हे काय. तुम्ही म्हणालात, "वर्सातनं एक दिस तरी तिला तिच्या मनानं जाऊ द्यावं. रोज आपुन म्हणतो तितंच जाती की."

मला ते गमतीचं वाटायचं. ड्रायव्हर माणसाची श्रद्धा, असं मी मित्रांना सांगायचो. पण आदल्या दिवशी तुम्ही सहाही टायरांत मोजून हवा भरायचात. हौदा झाडून रिकामा करायचात. टाकीत डिझेल अर्धं ठेवायचात, जास्त झालं तर काढायचात. आणि सकाळी वारं सुटायच्या आत निघायचात. रोलरबरोबर जे जाडजूड पुस्तक आलं त्यात गाडीची वाटेत वाया जाणारी ताकद मोजायची रीत दिली आहे, ती शब्दाला शब्द हीच आहे. फक्त त्यात नारळ नाही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही मी ते कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात तुम्ही इंजिन उतरवलंत. सिद्धू मिस्त्रीकडं काम दिलं. मागच्या धुऱ्याच्या डब्यातून, डिफरन्शिअलमधून, तेल गळत होतं, तेही त्यानं हातासरशी उघडून बसवलं. गाडी बाहेर आली आणि तुम्ही गप्प गप्प राहायला लागलात. तुळजापूरच्या घाटात तिसऱ्यावर चढणारी गाडी दुसऱ्यावर यायला लागली. कालची पोरं हॉर्न मारून पुढं जायला लागली. तुम्ही सिद्धूला म्हणालात, इंजिन कमी हाय. सिद्धू म्हणाला, इंजिन नव्यासारखं हाय.

दसऱ्याला मी आलो होतो. केबिनमध्ये तुमच्या शेजारी बसलो. चिंच, चाळीस, न्यूट्रल. गाडी उतरली आणि सपाटीला लागल्यावर लगेच दमली. थांबली. तुम्ही उतरून पावलं टाकत मागच्या वर्षीच्या रेघेपर्यंत गेलात आणि मोजत परत आलात.

"साठ पावलं अलीकडं."

"वारा असेल, दाजी."

"वारं पाठीमागनं हाय." तुम्ही खाली बसून मागच्या धुऱ्याकडं बघितलंत. "हिला कोणतरी धरून ठिवतंय."

मी हसलो. तुम्ही नारळ फोडलात, रेघ मारलीत आणि खोबऱ्याचा मोठा तुकडा मला दिलात. मी तो खाल्ला.

दोन आठवड्यांनी तुम्ही गाडी माझ्याकडं घेऊन आलात. स्वतःहून. त्या जागच्या जागी पळणाऱ्या यंत्रावर तुमचा विश्वास नव्हता, तरी माझ्यावर होता म्हणून आलात, हे आता मला दिसतंय. बरोबर सिद्धू मिस्त्री होता, कारण त्याच्या कामाचा निकाल लागणार होता. बाहेर आणखी तीन गाड्या उभ्या, त्यातल्या दोन सिद्धूनंच पाठवलेल्या. तीन-चार ड्रायव्हर तमाशा बघायला आत आलेले.

चाकांना एकशे चाळीस हॉर्सपॉवर आली.

तुमचं इंजिन एकशे ऐंशीचं. इंजिन जेवढं देतं तेवढं चाकापर्यंत पोचत नाही, हे मी तुम्हाला आधी सांगितलं होतं, आणि तुम्ही लगेच म्हणाला होतात, "उजनीच्या कालव्याच्या फाट्यासारकं. सोडत्यात भरून आन् टेलला येतं गुडघाभर." अगदी तसंच. गिअरबॉक्स थोडी खातो, जॉइंट खातात, डिफरन्शिअल खातं. साधारण पंधरा टक्के जातात असं आम्ही धरतो. यंत्र विचारतं, वाटेत किती गेली ते टाका. पंधरा टाकले असते तर इंजिन एकशे पासष्टाचं निघालं असतं, म्हणजे सिद्धूचं काम वाईट ठरलं असतं. सिद्धू माझ्या खांद्यापाशी उभा होता. हळूच म्हणाला, "सायेब, आकडा नीट टाका की."

मी बावीस टाकले. इंजिन एकशे एकोणऐंशीचं निघालं. कागद छापून आला.

दुसरी वाट होती, दाजी. त्याच यंत्रावर एक बटण आहे. गाडी चाळीसला न्यायची, न्यूट्रल करायचं आणि रूळ आपोआप थांबेपर्यंत वाट बघायची, की वाटेत काय खाल्लं जातंय ते धरून न बसता खरोखर मोजता येतं. तुमच्या चिंचेपासूनचं तेच. जेमतेम पाच मिनिटं लागली असती. मी ते केलं नाही, कारण मला ठाऊक होतं असं मला वाटत होतं.

तुम्ही कागद हातात धरलात. चष्मा नव्हता, लांब धरून वाचलात.

"इंजनात एकशे एकोणऐंशी. चाकाला एकशे चाळीस. मग मधली कुटं गेली?"

"वाटेत जातात."

"येवढी?"

"एवढी."

"फाट्याचं पाणी येवढं गेलं तर मानूस काठानं चालत जाऊन बगून येतो की, कुटं फुटलंय ते." आणि तुम्ही गाडीखाली वाकून डिफरन्शिअलच्या डब्यावर तळवा टेकवलात आणि लगेच काढलात. "हितं हात ठिव."

"चालल्यावर तापतंच, दाजी."

"ठिव तर खरं."

मी हात ठेवला नाही. मी उभा होतो, तुम्ही वाकलेले होतात, आणि त्या क्षणी मला पूजेच्या दिवशीचा तो नारळ आठवला. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "इंजिनाला काही झालेलं नाही. गाडी तीच आहे दाजी, पाय जड झालाय. वय झालं आता." सिद्धू आधी हसला, मग बाकीचे. तुम्ही सरळ उभे राहिलात, फडक्याला हात पुसलेत आणि तुम्हीही हसलात. मला अजून कळत नाही तुम्ही का हसलात. त्या हसण्यानं मला वाटलं, चाललं.

संक्रांतीला गाडी विकली. अक्का रडली तर तिला म्हणालात, "मशीन खोटं कशाला बोलंल? आपल्याच घरातलं हाय." मग कारखान्याच्या वजनकाट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायला लागलात. मी एकदा तिकडून गेलो तर तुम्ही एका पोरसवदा ड्रायव्हरला सांगत होतात, काट्यावर गाडी चढवताना क्लच असा सोडू नको. तो म्हणाला, "तुमी लिवा, काका." तुम्ही लिहिलंत. मी गाडीतून न उतरता पुढं गेलो.

त्याच वर्षी वैशाखात शहाजीराव तुमची गाडी घेऊन माझ्याकडं आले. "पिकअप न्हाय ओ हिला, नुसतं डिझेल पितीया." केबिनमध्ये अक्कानं लावलेला कुंकवाचा पंजा तसाच होता. मी माणसांना चहाला पाठवलं आणि ते बटण दाबलं. गाडी चाळीसला नेली, न्यूट्रल केली. जे रूळ बराच वेळ फिरत राहायला हवेत ते बघता बघता थांबले. मग मी खाली वाकलो आणि हात ठेवला. तुम्ही म्हणाला होतात तिथंच. बोटांना चटका बसला.

डिफरन्शिअल उघडलं. आत दोन बेअरिंगांच्या मध्ये पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्यांनी बेअरिंगला मोकळेपणा राहतो. दोन हव्यात, सिद्धूनं एकच घातली होती. बेअरिंग आवळून निळी पडली होती. आणखी महिनाभर चालली असती तर घाटात मागचं चाक जाम झालं असतं. नऊ महिने तुमचं इंजिन पुरेपूर देत होतं आणि ती आवळलेली बेअरिंग मधल्या मध्ये खात होती, आणि तुम्ही स्वतःचा पाय खराब झाला म्हणून खुर्चीत बसला होतात. मी दोन चकत्या घालून, नव्या बेअरिंग बसवून गाडी परत चढवली. चाकाला एकशे त्रेपन्न.

म्हणजे इंजिन चांगलं होतं, हे मी बरोबर सांगितलं होतं. पंधराच्या वरचे सात टक्के कुठं गेले ते मी बावीस टाकून कागदावर झाकलं होतं. तुम्ही एकच प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर तोच आकडा होता.

त्या दिवशी संध्याकाळी मंगळवेढ्याला यायचं ठरवून मी शर्ट बदलला होता. गेलो नाही. म्हटलं, रविवारी जाऊ. मग म्हटलं, गाडी तर विकली, आता सांगून त्यांच्या जिवाला आणखी घोर कशाला. मग म्हटलं, सिद्धूचं नाव निघेल. खरं कारण एवढंच की, महेशच्या रोलरचा आकडा हातानं टाकलेला असतो, हे हैदराबाद रोडला कळलं असतं. तुमच्या पायाची किंमत देऊन मी माझं यंत्र वाचवलं. हे मला लिहिता यावं म्हणून तुम्हाला जावं लागलं.

त्यानंतरच्या प्रत्येक दिवाळीला मी आलो. भाऊबीजेला अक्का ओवाळायची, तुम्ही पाट सरकवून शेजारी बसायचात आणि म्हणायचात, "काय इंजनेर, काय नवीन?"

"काही नाही, दाजी."

हुरड्याला बोलावलंत. शेतात आगटीभोवती सगळे बसलेले, तुम्ही कणीस चोळून गरम दाणे माझ्या हातावर ओतलेत. "काय नवीन, रोलर काय म्हनतोय?" मी म्हटलं, चाललंय. तुम्ही मान हलवलीत आणि दुसरं कणीस घेतलंत. शेवटी सोलापूरच्या दवाखान्यात, नाकात नळी, बोलायला दम पुरत नव्हता, तरी मला बघून अक्काला बाहेर पाठवलंत. "तू जा, चा पिऊन ये." ती गेली. तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात आणि बऱ्याच वेळानं म्हणालात, "काय नवीन?" मी म्हणालो, "काही नाही दाजी. तुम्ही आराम करा." तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, झोप लागली.

आता शहाजीरावांनी टाकीपाशी काय सांगितलं ते ऐका. तुम्हाला ठाऊक आहेच, तरी माझ्या तोंडून ऐका.

ते म्हणाले, "त्या साली दसऱ्याला मी काट्यावर गेलो हुतो. मालकांना म्हणलं, गाडी लई गोड चालतीया आता, तुमच्या मेव्हण्यानं मागची बेअरिंग बदलली. मालक म्हणलं, रिकामी हाय का? मी म्हणलं, व्हय. तर खुर्चीवरनं उठलं आन् स्वता ष्टेरिंगवर बसलं. जुन्या रस्त्याला नेली. चिंचंपासनं सोडली. काय गेली ओ. थांबायचं नाव घीना. थांबल्यावर खाली वाकून मागल्या डब्यावर हात ठिवला आन् म्हणलं, आता गार हाय."

मी विचारलं, मग?

"मग मी म्हणलं, फोन लावू का तुमच्या इंजनेरला? तर म्हणलं, नगं. त्यो सांगंल की. त्याच्या तोंडानं येऊ द्या."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. भाऊबीजेला ठाऊक होतं, हुरड्याला ठाऊक होतं, दवाखान्यात नळी लावलेली असताना ठाऊक होतं. तुम्ही मला तीन वर्षं न्यूट्रलला सोडलंत आणि मी कुठवर जातो ते बघत बसलात. दाजी, ही कुठली रीत? मला चार माणसांत बसवून विचारायचं होतंत, बावीस कुठनं आणलेस म्हणून. कानफटात मारायची होतीत. मी लाजेनं मेलो असतो, पण तुम्ही असताना मेलो असतो. तुम्ही चहा पाजलात, दाणे चोळून हातावर ओतलेत, आणि गावाला सांगू दिलंत की तुमचा पाय गेला. जोडीदारांनाही सांगितलं नाहीत. अक्कालाही नाही, ती आजही बायकांना सांगते की ह्यांना पायानं दगा दिला. माझी अब्रू माझ्याहून जास्त तुम्ही सांभाळलीत, आणि त्याबद्दल मी तुम्हाला माफ करायला अजून तयार नाही.

एवढं लिहून हात थांबतो. कारण मला गाडी तुम्हीच शिकवलीत. क्लच सोडताना पायाखाली अंडं हाय समज, असं म्हणून तुम्ही माझ्या पायावर स्वतःचा हात ठेवला होता, आणि माझ्याकडून तो दोनदा चेंगरला तरी काढला नव्हता. माझ्याबद्दल तुमची तीच रीत शेवटपर्यंत राहिली. वाट बघायची. चेंगरलं तरी हात काढायचा नाही.

आज सकाळी मी जुन्या रस्त्याला गेलो. वारं सुटलं नव्हतं. चिंचेपासून चालत निघालो. कडेच्या दगडांवर तुमच्या रेघा अजून आहेत, काही अर्ध्या उडाल्यात. साठ पावलं अलीकडची ती एकटी रेघ सापडली, ज्या दिवशी मी खोबरं खाल्लं. तिच्यापुढं बाकीच्यांचा घोळका. आणि त्या सगळ्यांच्या पलीकडं, आणखी अकरा पावलांवर, एका धोंड्यावर ठळक रेघ. रंग लाल नव्हता, निळा होता. शहाजीरावांच्या गाडीत जो डबा मिळाला असेल त्याचा. दगडापाशी करवंटीचा काळा पडलेला तुकडा मातीत रुतला होता.

मी तिथं उभा राहून तुमच्याशी बोललो. मोठ्यानं. यंत्र, बावीस, सिद्धू, चकती, सगळं. बाजूच्या पडीक रानात एक म्हातारा मेंढरं चारत होता. तो काठी टेकत जवळ आला.

"कुनाला बोलताय ओ?"

"काही नाही," मी म्हणालो.

म्हणालो आणि माझ्याच कानाला ते ऐकू आलं. चार पावलं गेलो होतो, परत फिरलो. त्याला सांगितलं, माझे दाजी होते, ट्रक चालवायचे. गाडी ओढत नाही म्हणाले तर मी सगळ्यांसमोर म्हणालो की तुमचा पाय जड झालाय. त्यांनी गाडी विकली. नंतर मला कळलं की गाडीतच खोट होती. पाय तोच होता, अगदी पहिल्यासारखा होता.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. एक मेंढरू रस्त्यावर आलं होतं, त्याला काठीनं वळवलं.

"मग त्येनला सांगायचं हुतं की," तो म्हणाला, आणि मेंढरांमागं गेला.